उसवलं की फाटलं

कात्री हसायची तेव्हा आधी तिचे खांदे हलायचे, मग मान मागे जायची आणि सगळ्यात शेवटी आवाज फुटायचा. तो आवाज कानावर पडला की शिवणखान्यातल्या बाकीच्या बायका काय झालं ते न विचारताच हसू लागायच्या. पोटभर हसून झालं की विचारायच्या, "अगं, पण झालं काय?" आणि कात्री डोळे पुसत सांगायची. सांगायची म्हणजे करून दाखवायची. बँकेच्या बंद काचेवर नाक आपटलेली बाई. भर भाषणात कवळी सुटलेला पुढारी. धावत बस पकडताना एक चप्पल रस्त्यावर आणि एक पायात घेऊन लोंबकळणारा माणूस. कुणाचंही काही बिनसलं की ते तिच्या अंगात यायचं. जिभेला धार म्हणून तिला कात्री म्हणत, पण खरी धार डोळ्यांना होती. माणूस पडण्याआधी कुठे डगमगतो ते तिला दिसायचं.

ही विद्या ती शाळेतच शिकली. एकदा तिला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. पायात थोरल्या बहिणीचे बूट, पुढे कागदाचे बोळे कोंबलेले. व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना एक बूट मागे राहिला आणि त्यातला बोळा घरंगळत मुख्याध्यापकांच्या पायाशी गेला. अख्खी शाळा हसली. तिला रडू येणार होतं. पण तोंडातून निघालं ते हसू, आणि तेही सगळ्यांपेक्षा मोठं. मग एक विलक्षण गोष्ट घडली. लोक तिच्याकडे बघायचे थांबले आणि तिच्याबरोबर बुटाकडे बघू लागले. बूट वेगळा झाला, ती वेगळी झाली. हसणाऱ्यांच्या गर्दीत उभं राहायला जागा मिळाली की आपल्यावर कोणी हसत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. ती जागा मात्र कायमची नसते. पुन्हापुन्हा धरावी लागते, आणि त्यासाठी पुन्हापुन्हा कुणीतरी पडावं लागतं.

शिवणखाना एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. खिडक्यांखाली मशीनांची रांग, मधे कापायचं लांब टेबल. टेबलाशी मास्तर उभे असायचे. त्यांनी जन्मभर कापड कापलं होतं आणि त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मागे मालकीणबाईंची काचेची खोली आणि तिला लागून ट्रायलची खोली. या शिवणखान्यात शिवलेले कपडे पुढे रंगमंचावर, झगझगीत दिव्यांखाली घातले जायचे. गळ्यामागे पट्टी लागायची ती डिझायनरच्या नावाची. शिवणखान्याचं नाव कुठेच नसायचं, आणि मालकीणबाईंच्या मते तेच बरं होतं. "नाव नाही म्हणजे बोंबही नाही," त्या म्हणायच्या.

कात्रीकडे शेवटचं काम होतं. ट्रायल झाली की बाजूची शिवण पक्की करायची, कपडा उलटसुलट करून बघायचा आणि मग खोक्यात घालायचा. ट्रायल होईपर्यंत ती शिवण कच्चीच ठेवत, लांब लांब टाक्यांची, कारण माप तिथेच कमीजास्त करता येतं. कच्चा टाका नेहमी लाल दोऱ्याने घालायचा, हा मास्तरांनी घालून दिलेला नियम. लाल दिसलं म्हणजे काम राहिलंय. लाल दिसलं नाही म्हणजे पाठवून द्या. या नियमाने आजवर कधी दगा दिला नव्हता.

त्या सकाळी कात्री जिना चढून आली तर एकही मशीन चालू नव्हतं. सगळ्या बायका काजवालीच्या फोनभोवती गोळा झाल्या होत्या. काजवाली म्हणजे काज-बटणं करणारी, कात्रीची शाळेपासूनची मैत्रीण.

"कात्री, बघ. काल रात्रीचा पुरस्कार सोहळा."

फोनवर एक गायिका दिसत होती. आवाजामुळे घराघरांत माहीत असलेली. अंगात लालभडक गाऊन. ती पुरस्कार घेते, प्रेक्षकांना नमस्कार करायला खाली वाकते, आणि गाऊनची डावी बाजू बगलेपासून कमरेपर्यंत उघडी पडते. ती पुरस्काराची बाहुली त्या जागेवर दाबून धरते आणि खेकड्यासारखी तिरकी तिरकी पडद्यामागे जाते. कुणीतरी त्यावर 'टर्रर्र' असा आवाज चिकटवला होता.

"आपलाच ना गं हा?" कुणीतरी विचारलं.

"आपलाच."

"मेलो."

कोणी हसलं नाही. मास्तर टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते. गाऊनला शेवटचा हात कात्रीचाच लागला होता.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. चेहऱ्यावर न झोपल्याच्या खुणा, पण आवाज शांत. "घाबरू नका. डिझायनरशी बोलणं झालंय. त्यांचं म्हणणं, बाईंचं वजन वाढलं. ट्रायलनंतर दौरे, पार्ट्या, काय काय. आपलं माप बरोबर होतं. अंगच मावलं नाही तर कापड फाटणारच, त्याला आपण काय करणार? पेपरवाल्यांनाही तेच सांगितलंय. चला, कामाला लागा."

त्या आपल्या खोलीत गेल्या आणि काचेचं दार लागलं.

भीती ज्या वाटेने आत शिरते त्या वाटेने बाहेर पडत नाही. ती तोंडावाटे बाहेर पडते. आधी काजवाली फिसकन हसली. मग मास्तर. आणि मग कात्रीचे खांदे हलले. तिने टेबलावरचा अस्तराचा तुकडा बगलेत खोचला, एका हातात इस्त्री घेतली, ती बरगडीवर दाबली आणि मशीनांच्या मधल्या वाटेतून तिरकी तिरकी चालू लागली. "रसिकहो," ती नाकातून गात म्हणाली, "तुमच्या प्रेमाने मी इतकी भरून आले, इतकी भरून आले..."

"टर्रर्र!" बायका एकदम ओरडल्या.

"अगं पुरे, हसून हसून माझे टाके तुटतील!"

"तुटू देत. वजन वाढलं म्हणून सांगू!"

काजवालीने पोट धरून जमिनीवर बसकण मारली. मास्तरांच्या हातातला खडू पडून त्याचे दोन तुकडे झाले. जिची गाणी त्या मशीन चालवताना गुणगुणायच्या, जिच्यासारखं आपल्याला एक ओळही कधी गाता येणार नाही हे ज्यांना ठाऊक होतं, त्या सगळ्या तिच्या उघड्या पडलेल्या बाजूवर हसत होत्या. तिचं उंच असणं त्यांना इतकी वर्षं सोसावं लागलं होतं. आता ती त्यांच्याच जमिनीवर आली होती, आणि कुणीही तिला ढकललं नव्हतं. म्हणून हसू असं स्वच्छ येत होतं.

काही दिवसांनी गाऊन परत आला. "जोडून दे," मालकीणबाई म्हणाल्या, "बाईंना तो मोडीत काढायचा नाहीये. आणि हो, त्या नव्या गाऊनच्या मापालाही येणार आहेत. दुसरी असती तर तोंड दाखवलं नसतं."

कात्रीने गाऊन उलटा करून टेबलावर पसरला. डावी बाजू बोटांत धरली आणि थांबली.

कापड फाटतं तेव्हा त्याच्या कडेला दशा सुटतात, धागे वाकडेतिकडे ओढले जातात, विणीला जखम होते. उसवतं तेव्हा कापडाला काहीच होत नाही. कडा सरळ राहतात आणि सुईची भोकं एका ओळीत तशीच्या तशी दिसतात. गाऊनच्या कडा सरळ होत्या. दशा नव्हत्या. भोकं होती, पण लांब लांब. काखेशी दोऱ्याचा एक तुकडा अडकून राहिला होता. लाल.

लाल गाऊनवर लाल दोरा.

तिला ते सगळं एकदम आठवलं. खोकं न्यायला गाडी खाली उभी होती, आणि कच्चा टाका तिनेच घातला होता, सवयीने, लाल दोऱ्याने. पांढरा घ्यायला हवा होता. मग शेवटची नजर फिरवताना तिने शोधलं ते लाल, आणि सगळंच लाल होतं. पक्की शिवण पडलीच नव्हती. गायिका एका कच्च्या टाक्यावर अख्ख्या सभेपुढे उभी राहिली होती. गाऊन तिच्या अंगाला सैल होता. नमस्काराला वाकली एवढंच.

कात्रीने मान वर करून बघितलं. मशीनं चालू होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आपल्याला आधी वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. आधी वाटली ती भीती. आणि भीतीच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली, तिचं नाव घ्यायलाही तिला नको वाटलं. ज्या गोष्टीवर सगळं जग हसत होतं ती तिच्या हातून झाली होती. क्षणभर, फक्त क्षणभर, तिला त्याचं अप्रूप वाटलं. जिच्या नावाची पट्टी कुठेही लागत नाही अशा बाईच्या टाक्याने एवढ्या मोठ्या बाईला खाली आणलं होतं. मग तिने कापडावरची बोटं झटकन मागे घेतली.

तिने लाल तुकडा ओढून काढला, बोटात गुंडाळला आणि खिडकीबाहेर टाकला. मशीनवर बसून शिवण पक्की केली. एकदा, मग त्याच रेषेवरून पुन्हा एकदा.

"फार फाटला होता?" मालकीणबाईंनी विचारलं.

"बराच," कात्री म्हणाली.

घरी नवरा जेवताना विनोद सांगत होता. तो लिफ्टा दुरुस्त करायचा. "आज एका लिफ्टमध्ये कुणीतरी पाटीवर लिहून ठेवलेलं. आठ माणसं, किंवा एक गायिका!" तो स्वतःच इतका हसला की त्याला ठसका लागला. सासूबाई टीव्हीसमोर होत्या. तिथेही तेच चालू होतं, जुने फोटो आणि नवे फोटो शेजारी शेजारी, एक डॉक्टर आहाराबद्दल बोलतोय.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून," सासूबाई म्हणाल्या, आणि नीट दिसावं म्हणून त्यांनी चष्मा लावला. "पण खरंच सुटलीय हो बाई."

"सुटली नाहीये," कात्री म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"गाऊन मी बघितलाय."

"मग फाटला कसा?" नवऱ्याने विचारलं.

तिने पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश प्यायली. "कापडच हलकं होतं," ती म्हणाली.

"काय गं, हसली नाहीस? पोटबिट दुखतंय का?"

ती उठली आणि भांडी घासू लागली. तिने खोटं सांगितलं होतं, पण निदान या वेळी कापडाला दोष दिला होता, बाईला नाही, एवढ्यावरच तिला बरं वाटायला लागलं. माणूस किती थोडक्यात समाधान मानतो, याची तिला घासता घासता शरम वाटली.

गायिका मापाला आली तेव्हा शिवणखान्यातली सगळी मशीनं एकदम जास्त जोरात चालू झाली. कोणी मान वर केली नाही. ती सगळ्यांना नमस्कार करत ट्रायलच्या खोलीत गेली. मालकीणबाईंनी कात्रीला डोळ्यांनी बजावलं, तोंड बंद. दार लागलं.

आरशात गायिका लहान दिसत होती. गालफडं बसली होती. कात्रीने कमरेभोवती टेप लावली आणि आकडा वाचला, पण बोलली नाही. मागच्या मापापेक्षा बाई बरीच उतरली होती.

"कमी झालं ना?" गायिका म्हणाली. "सध्या खातच नाही मी काही. परवा गाताना घेरी आली." ती थोडं हसली. "तरी म्हणतात, अजून उतरायला हवं."

कात्रीने टाचण्या तोंडात धरल्या. अंदाजासाठी साध्या कापडाची घडी अंगावर बसवायची असली की टाचण्या ओठांत धरायच्या आणि एकेक काढत जायची, ही तिची रीत.

"ताई, तुम्ही बघितलात ना तो व्हिडिओ?"

कात्रीने मान हलवली. हो.

"सगळ्यांनीच बघितला. माझी भाची तर माझ्यासमोर हसली. लहान आहे, तिचा दोष नाही. माझा ड्रायव्हर मला बघून तोंड फिरवतो, त्याचे खांदे हलताना दिसतात मागून. मी तरी काय, दुसरं कुणी असतं तर मीही हसले असते." ती आरशातल्या कात्रीकडे बघत होती. "तुम्हीही हसला असाल."

तोंडात टाचण्या होत्या. शब्द काढायची सोय नव्हती. कात्रीने मान हलवली. नाही.

शब्द असते तर कदाचित जीभ अडखळली असती. मानेला अडखळता येत नाही.

गायिकेचे डोळे भरून आले. ती एकदम वळली, तशी घडी सुटली. "खरंच?" ती म्हणाली. "खरंच नाही हसलात?" तिने कात्रीचा हात धरला. तो हात कोरडा होता.

कात्रीने टाचण्या हातावर काढल्या. आपणही हसलो होतो, हे आता सांगायला हवं होतं. पण जे सांगायला हवं होतं ते तिच्या तोंडून निघालं नाही, आणि त्याच्या जागी दुसरं निघालं. ते सोपं होतं म्हणून.

"मॅडम, तो गाऊन फाटला नव्हता."

"म्हणजे?"

"उसवला होता. शिवण कच्ची राहिली होती. चूक माझी. लाल कापडावर लाल दोरा घातला मी, दिसलाच नाही. तुमचं वजनबिजन काही नव्हतं. गाऊन तुम्हाला सैल होता."

गायिका खोलीतल्या एकुलत्या एक स्टुलावर बसली. कात्रीला वाटलं, आता ती ओरडेल, मालकीणबाईंना हाक मारेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सैल होता?" तिने विचारलं.

"चांगला सैल. दोन बोटं जातील एवढा."

"मी जाड नव्हते झाले."

"नव्हता झालात, मॅडम."

गायिकेने दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि ती रडली. गाणाऱ्या बाईचं रडणंही लयीत असेल असं कात्रीला उगाच वाटलं होतं. तसं काही नव्हतं. ते सगळ्यांसारखंच होतं, मधेच अडकणारं. मग ती उठली, डोळे पुसले, कात्रीच्या हाताला धरून दार उघडून बाहेर आली. कात्रीला हात सोडवून घेता आला नाही. मूठ उघडली गेली आणि टाचण्या खोलीत जमिनीवर सांडल्या.

मशीनं थांबली. मालकीणबाई काचेच्या खोलीतून धावत आल्या.

"यांना एका शब्दाने बोलायचं नाही," गायिका म्हणाली. तिचा तो आवाज, जो सगळ्यांनी फक्त दुरून ऐकला होता, शिवणखान्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेला. "चूक त्यांची होती, आणि ती त्यांनी स्वतःहून मला सांगितली. कोण सांगतं हो आजकाल? मी लोकांना काही सांगणार नाही. सांगितलं तर म्हणतील, शिंप्याच्या माथी मारतेय. राहू दे. मला कळलं, तेवढं पुरे. पण तुम्ही सगळ्यांनी एक ऐका." तिने कात्रीला जवळ ओढलं. "सगळं जग माझ्यावर हसत होतं ना, तेव्हा ही एक बाई हसली नाही. माझे कपडे इथून पुढे हीच शिवेल."

बायका कात्रीकडे बघत होत्या. मास्तरांनी खाली बघून टेबलावर नसलेला खडू शोधायला सुरुवात केली. काजवालीच्या हातातली सुई हवेत तशीच राहिली. ज्या वाटेतून कात्री बरगडीवर इस्त्री दाबून चालली होती त्याच वाटेत ती आता गायिकेच्या मिठीत उभी होती, आणि ते प्रत्येकीला दिसत होतं. त्या शिवणखान्यात हसण्यासारखं इतकं मोठं काही आजवर घडलं नव्हतं. कोणी हसलं नाही.

मालकीणबाई गायिकेला सोडायला जिन्याने खाली गेल्या. कात्री ट्रायलच्या खोलीत परत आली आणि गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचू लागली. थोड्या वेळाने काजवाली आत आली. तीही खाली बसली आणि फरशीच्या फटीत गेलेल्या टाचण्या नखांनी उकरू लागली.

"मीही हसले होते," काजवाली म्हणाली.

"माहीत आहे."

"तू सगळ्यात जास्त."

"माहीत आहे."

"मग सांग ना जाऊन. इकडे आम्हाला मान वर करवत नाही." काजवालीने खिडकीकडे बघितलं. "गाडी अजून दारातच आहे. मॅडम खाली बोलत उभ्या आहेत."

कात्रीने एक टाचणी उचलली, पदराला पुसली आणि डबीत ठेवली. मग दुसरी. खालून मालकीणबाईंचा आवाज येत होता, मग गायिकेचा, मग दोघींचं हलकं हसणं. गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं. इंजिन सुरू झालं. ती खाली मान घालून टाचण्या वेचत राहिली, गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळून पुरता जाईपर्यंत.